क्षेत्रसभा बोलवा: नव्या नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या महापालिकांचे नवनिर्वाचित नगरसेवक आणि नगरसेविका यांना,



निवडून आल्याबद्दल आपलं मनापासून अभिनंदन. 2020 पासून एकेका महापालिकेची मुदत संपत गेली. मुंबई-पुण्यात मार्च 2022 मध्ये प्रशासक आले आणि 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांसाठी मतदान होईपर्यंत आम्हा नागरिकांच्या वतीने सभागृहात बोलणारं कुणी नव्हतं. रस्ता का खणला, पाण्याची वेळ का बदलली, बाग कुणाला चालवायला दिली, हे विचारायचं तर एक ॲप होतं आणि एक टोल-फ्री क्रमांक होता. त्यावर तक्रार नोंदवायची आणि 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' हा संदेश येण्याची वाट पाहायची. तुंबलेलं ड्रेनेज मात्र तसंच वाहत राहायचं. म्हणून तुमची वाट आम्ही खरोखर पाहिली. या पत्रात नाराजी आहे, पण ती त्याच आस्थेतून आली आहे.

निवडणुकीनंतर तुमच्यापैकी अनेकांनी 'नागरिक संवाद' भरवायला सुरुवात केली. असे कार्यक्रम मी आमच्या भागात पाहिले आणि दुसऱ्या शहरांतल्या नातेवाइकांकडूनही त्यांची वर्णनं ऐकली. सगळीकडे साचा एकच. चौकात मांडव, व्यासपीठावर खुर्च्यांची रांग, मागे मोठा फलक. दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं मनोगत. दीड तास असाच जातो. मग निवेदक सांगतो की वेळेअभावी सगळ्यांना बोलता येणार नाही, तरी आपापले अर्ज डावीकडच्या टेबलावर द्यावेत. लोक रांग लावतात, अर्ज देतात, चहा घेतात आणि घरी जातात. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा अर्ज कशाबद्दल होता हे मला कळत नाही आणि माझा कशाबद्दल होता हे त्यांना कळत नाही. कदाचित आमचे दोघींचे अर्ज एकमेकींच्या विरुद्ध असतील. माझ्या अर्जात गल्लीत वाहनं लावू देऊ नका असं असेल आणि त्यांच्यात वाहनं लावायला जागा द्या असं. तुमच्या कार्यालयात दोन्ही कागद एकाच फायलीत जातात आणि निर्णय दोघींच्या पाठीमागे होतो.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार ही आहे. आम्ही तुमच्याशी बोलावं अशी व्यवस्था तुम्ही करता. आम्ही शेजाऱ्यांनी एकमेकांशी, तुमच्या आणि अधिकाऱ्यांच्या समोर बोलावं, अशी जागा मात्र कुठेच नाही. ती असायला हवी, असं कायदाच म्हणतो.

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली तेव्हा तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. पण एकेका समितीखाली लाखो माणसं. तिथे सामान्य माणूस पोहोचणं अवघडच. 2005 मध्ये केंद्राने जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं आणि राज्यांना निधी देताना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली. त्यातून महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची कलमं घातली. दोन ते पाच मतदान केंद्रांचा परिसर म्हणजे एक क्षेत्र. तिथला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य. नगरसेवक अध्यक्ष. भागात कोणती कामं आधी घ्यायची हे सुचवणं, दिवे, नळ, स्वच्छतागृहं कुठे असावीत हे सांगणं, पाणी आणि दिवाबत्तीतल्या उणिवा दाखवणं, योजनांचे लाभार्थी ओळखणं, ही तिची कामं. दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या आणि न घेणाऱ्याचं पद धोक्यात येईल, इतकी कडक तरतूद.

या कायद्याला सतरा वर्षं होत आली. तुमच्या शहरात पन्नास घरांची दारं वाजवून विचारा, क्षेत्रसभेचं नाव ऐकलं आहे का. महापालिकेत विचारणा केली की 'क्षेत्रांच्या हद्दी अजून निश्चित झालेल्या नाहीत' हे उत्तर मिळतं. निवडणूक लागली की प्रभागांच्या हद्दी ठरतात, मतदान केंद्रांच्या याद्या घरोघरी चिठ्ठ्यांसकट पोहोचतात. मग तीच केंद्रं दोन-दोन, चार-चार एकत्र जोडायला इतकी वर्षं का लागावीत? हा प्रश्न तुम्ही तुमच्या सभागृहात विचारा. आम्ही विचारला तर त्याचा अर्ज होतो. तुम्ही विचारलात तर प्रशासनाला उत्तर द्यावं लागेल.

गावाकडे पाहा. ग्रामसभेची अवस्था सगळीकडे चांगली आहे असं मी म्हणणार नाही. पण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. सभा टाळणाऱ्या सरपंचाला पद जाण्याची भीती असते. सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने तर ग्रामसभेत सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय न घेण्याची रीत कित्येक वर्षं पाळली आहे. त्याच्या जोडीला अभ्यासगट चालवले आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्याच गावचा एखादा मुलगा शिकायला पुण्याला किंवा नागपूरला आला, तर गल्लीतल्या प्रश्नावर बोलायला त्याला जागा नसते. खेड्यात जो अधिकार त्याने आईच्या मांडीवर बसून पाहिला, तो शहरात हरवतो. मला हे फार लागतं.

शेजाऱ्यांनी समोरासमोर बसल्याने नेमकं काय होतं, हे सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पूर्ण होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या शाळेत अशी एक सभा झाली. ती कुण्या पुढाऱ्याने बोलावली नव्हती. चार सोसायट्या आणि त्यांच्यामागची वस्ती यांतल्या काही बायकांनी जमवली होती. विषय एकच होता, पाणी. वरच्या गल्लीत पाणी चढत नव्हतं, खालच्या गल्लीला वाटे आपल्याकडेच वेळ कमी, आणि वस्तीला वाटे की सोसायट्यांना जास्त सोडतात. सगळे पालिकेला धारेवर धरायच्या तयारीने आले होते.

त्या बायकांनी एक शहाणपणा केला. त्यांनी पालिकेच्या साहेबांबरोबर पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यालाही बोलावलं. रोज पहाटे लांब दांड्याची चावी घेऊन सायकलवरून फिरणारा तो माणूस आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण त्याला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. तो आत येऊन बसेना, दाराशीच उभा राहिला. मग त्याच्या हातात खडू दिला, तेव्हा त्याने फळ्यावर एक लांब रेघ ओढली, तिच्यावर फुल्या मारल्या आणि एकेक व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवलं. लाइन बंगल्यांच्या काळातली, बारीक. टाकीतून पहिला अर्धा तास चांगला दाब असतो. पण पाणी आल्याबरोबर खालच्या गल्लीत लोक थेट लाइनला मोटारी लावतात, की वरचं पाणी तुटतं. 'मी व्हॉल्व्ह कितीही फिरवला तरी उपयोग नाही,' तो म्हणाला, 'मोटारी बंद ठेवा, मग बघा.'

खालच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ उठले आणि चिडून म्हणाले की आमचीही टाकी भरत नाही म्हणून मोटार लावतो, हौस नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. मग वस्तीतल्या एक बाई बोलल्या. त्यांच्या नळाला पहाटे साडेचारला पाणी येतं, दोन हंडे भरेपर्यंत धार करंगळीएवढी होते, आणि सात वाजता त्यांना कामावर पोहोचायचं असतं. काम त्याच सोसायटीत होतं. मालकीणबाई दोन रांगा सोडून बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून त्या म्हणाल्या, 'ताई, मला उशीर होतो तो ह्याच्यापायी. तुम्हाला वाटतं मी झोपते.' त्या सभेत मी जे ऐकलं ते कुठल्याही ॲपवर नोंदवता आलं नसतं, कारण त्यात तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो एकाच बाकावर बसलेले होते.

ठरलं असं की पाणी आल्यावर पहिली चाळीस मिनिटं कुणी मोटार लावायची नाही आणि मोठ्या लाइनसाठी तिन्ही भागांनी मिळून एकच अर्ज द्यायचा. सगळ्यांनी ते पाळलं असं नाही. दोन-तीन घरं शेवटपर्यंत ऐकली नाहीत. पण वरच्या गल्लीला पाणी चढू लागलं, आणि एकत्रित अर्जावर वस्तीतल्या अंगठ्यांशेजारी सोसायटीच्या सेक्रेटरींची सही पाहिल्यावर अभियंता स्वतः जागा पाहायला आला. वेगवेगळे अर्ज गेले होते तेव्हा कुणी आलं नव्हतं.

प्रत्येक सभेत असं जुळतंच असं नाही. फेरीवाल्यांच्या प्रश्नावर आमच्याकडे अजून एकमत नाही. फुटपाथवरून म्हाताऱ्या माणसांना चालता येत नाही हेही खरं, आणि त्याच फुटपाथवर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींवर घर चालतं हेही खरं. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे 40 टक्के प्रतिनिधी ठेवले आहेत, ते याच कारणासाठी. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला वगळून घेतलेला निर्णय अतिक्रमण विभागाच्या गाडीवर चालतो आणि गाडी गेली की मोडतो.

मतभेद याहून खोल असतात तेव्हा काय करायचं, याचं उत्तर भिवंडीने दिलं आहे. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या या गावात 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत त्यांनी नेत्यांपेक्षा त्या-त्या मोहल्ल्यातल्या साध्या माणसांना, हिंदू-मुसलमान दोघांना बरोबर घेतलं आणि पोलीस त्यांच्यामध्ये नेमाने येऊन बसू लागले. नळावरची भांडणं, पोरांच्या मारामाऱ्या असले किरकोळ विषय तिथेच मिटायचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. भिवंडीत वेळ आली तेव्हा माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती, एकमेकांच्या घरी चहा प्यायलेली होती. अफवा पसरायला अनोळखी माणसं लागतात. दंगल व्हायच्या आधीची त्या शंभर कंटाळवाण्या वाटणाऱ्या बैठका हाच त्या शांततेचा पाया होता, असं माझं ठाम मत आहे.

आता अंदाजपत्रकाबद्दल. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. ही मोठी गोष्ट आहे आणि इतर शहरांनी ती घ्यावी. पण त्यातही अर्ज एकट्याने भरायचा आहे. ज्या ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये ही कल्पना रुजली, तिथे आधी वस्तीवस्तीत सभा व्हायच्या, गटार आधी की रस्ता आधी यावर लोक तासन् तास वाद घालायचे आणि मग मतं पडायची. आपण अर्ज घेतला आणि सभा सोडून दिली. त्यामुळे ज्याला अर्ज भरता येतो, ज्याला मुदत कळते, त्याच्या दारासमोर पेव्हर ब्लॉक दुसऱ्यांदा बसतात आणि मागच्या वस्तीत पहिला दिवाही लागत नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, 'सभा बोलावली तरी लोक येत नाहीत.' हे मी अनेकदा ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. पण लोक का येत नाहीत याचा विचार करा. बोलावणं व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री येतं. विषय लिहिलेला नसतो. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला. भाडेकरूला वाटतं आपल्याला कोण विचारतंय, कारण सोसायटीच्या सभेत त्याला आधीच मागे बसवलेलं असतं. आणि मागच्या वेळी जे बोललो त्याचं काय झालं, हे कुणी सांगितलेलं नसतं. या अडचणी दूर करून पाहा. गणपतीच्या वर्गणीची बैठक रात्री दहाला असली तरी गल्लीतली तरुण मुलं येतात, कारण तिथे बोललेलं घडतं हे त्यांना माहीत असतं.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. क्षेत्रांच्या हद्दी ठरवून घ्यायचा ठराव तुम्ही सभागृहात मांडा. तो मंजूर होईपर्यंत थांबू नका. मतदान केंद्रांच्या यादीवरून तुमचं क्षेत्र तुम्हीच आखा आणि सभा सुरू करा. चार सदस्यांच्या प्रभागात चौघांनी क्षेत्रं वाटून घ्या आणि कुणाकडे कुठलं क्षेत्र ते चौकातल्या फळ्यावर लावा. चौघांचे पक्ष वेगळे असले तर ते जास्तच गरजेचं आहे, कारण आज आम्ही एकाकडे गेलो की तो दुसऱ्याकडे पाठवतो.

सभा महापालिकेच्या शाळेत घ्या. व्यासपीठ नको, तुम्हीही खाली आमच्यात बसा. त्या दिवशी सत्कार नकोत, फलक नकोत. सभेची नोटीस निदान आठ दिवस आधी, विषयांसकट, सोसायटीच्या फाटकावर, वस्तीतल्या नळकोंडाळ्यावर आणि किराणा दुकानात लावा. कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक आणि पाणी सोडणारे, झाडणारे कर्मचारी यांना बोलावून घ्या. फायलीत नसलेली माहिती त्यांच्याकडे असते. झाडणाऱ्या बाईंना विचारलंत तर कचरा नेमका कुठल्या कोपऱ्यावर आणि कितीला पडतो हे त्या एका दमात सांगतील.

प्रत्येक सभेत आमच्या भागावर गेल्या वर्षी किती खर्च झाला आणि यंदा किती तरतूद आहे, हे मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. पैसे कमी आहेत हे आम्हाला कळलं, तर आमच्या मागण्याही शहाण्या होतील. जे होणार नाही ते होणार नाही म्हणून तोंडावर सांगा. त्याने आम्ही नाराज होऊ, पण दरवेळी 'बघतो, करतो' ऐकून जो विश्वास उडाला आहे, तो परत यायला लागेल.

सभेचं इतिवृत्त तिथल्याच कुणा विद्यार्थ्याकडून लिहून घ्या, त्यावर उपस्थितांच्या सह्या घ्या आणि पुढच्या सभेची सुरुवात ते वाचून करा. कुठलं काम झालं, कुठलं अडलं, कुणाकडे अडलं हे त्यात असू द्या. ही मागणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं करा.

आणि नगरसेविकांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. तुम्ही पदर खोचून प्रचार केलात, दारोदार हिंडलात. संध्याकाळी सातची सभा म्हणजे स्वयंपाकाची वेळ, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. सभेची वेळ बायकांना विचारून ठरवा. लहान मुलांना शेजारच्या वर्गात खेळवायला कुणीतरी असू द्या. पहिले प्रश्न पुरुषांचे झाले की बायका गप्प बसतात, म्हणून पहिली वीस मिनिटं त्यांच्यासाठी राखा. तुमच्या वतीने तुमचे पती किंवा दीर सभा चालवू लागले तर त्यांना नम्रपणे शेजारी बसायला सांगा. अध्यक्ष तुम्ही आहात.

तुमच्यावर पक्षाचा, वेळेचा, कार्यकर्त्यांचा किती ताण असतो याची मला कल्पना आहे. लग्नाच्या, बारशाच्या, दहाव्याच्या आमंत्रणांत तुमच्या संध्याकाळी संपतात. पण वर्षातल्या दोन संध्याकाळी या कामाला द्या. नागरिक म्हणून आमची बाजूही आम्ही उचलू. शाळेतली बाकं लावणं, नोटिसा चिकटवणं, वस्तीत आणि सोसायटीत फिरून लोकांना बोलावणं, इतिवृत्ताच्या प्रती काढणं, हे आमच्याकडे लागलं. सभेत आवाज चढला तर शेजाऱ्याला आवरणं हेही आमचंच काम.

आमच्या क्षेत्राची पहिली सभा पावसाळ्याच्या आधी व्हावी अशी विनंती आहे. विषयपत्रिकेवर नाल्याची सफाई पहिल्या क्रमांकावर ठेवावी, कारण त्याची निविदा कुणाला मिळाली आणि काम कुठपर्यंत आलं हे अजून भागात कुणालाच माहीत नाही. अभियंत्यांना नकाशा घेऊन यायला सांगावं. रविवारी सकाळी दहाची वेळ सोसायट्यांतल्या आणि वस्तीतल्या लोकांना सोयीची आहे, असं आम्ही विचारून ठेवलं आहे. तारीख कळवावी.

आपली नम्र,
तुमच्या शहरातली एक मतदार